वाचक विचारतात : आइसलँडला निघताना

प्रश्न : जूनमध्ये आम्ही सहा जण जाणार आहोत, त्यात दोघे सत्तरीचे. सहा रात्रींत गाडीने बेटाला पूर्ण फेरा घालता येईल का? गाडी मुलगा चालवेल.
– रामबाग, इंदूर

उत्तर : फेरा होईल, पण सगळा काचेआडून. बेटाभोवतीचा एक नंबरचा रस्ता १,३२२ किलोमीटरचा. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९०, खडीवर ८०, वस्तीत ५०. म्हणजे रोज चार-पाच तास नुसते बसणे, आणि धबधब्यापाशी पोहोचलात की दहा मिनिटांत 'चला, चला'. त्यापेक्षा दक्षिण किनारा धरा आणि त्याच वाटेने परत या.

उतराल तो दिवस हिशेबात धरू नका. केफ्लाविक विमानतळाहून रेक्याविक ५० किलोमीटर. जेवा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी थिंगवेटलिर, गेसिर आणि गुल्फॉस. गेसिरला स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा झरा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. आधी पाण्याचा निळा घुमट फुगतो आणि तो फुटला की फवारा साधारण २० मीटर वर जातो. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, नाहीतर तो गरम शिडकावा तुमच्याच अंगावर येईल. तिसऱ्या दिवशी सेल्यालान्ड्सफॉस, स्कोगाफॉस करून विक गावी मुक्काम ('फॉस' म्हणजेच धबधबा). चौथ्या दिवशी १९० किलोमीटरवरचे योकुल्सारलोन, हिमनदीचे तुकडे तरंगतात ते सरोवर. मुक्काम त्याच भागात. पाचव्या दिवशी स्काफ्टाफेल पाहून मागे फिरा. सहावा दिवस मोकळा ठेवा. तो वाऱ्यासाठी.

वाऱ्याकडे आपली माणसे हमखास दुर्लक्ष करतात. तिथले हवामान खाते वेग मीटर प्रतिसेकंदात सांगते, ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर निघतात. अंदाजात १५ दिसले तर ते ५४ झाले. अशा वेळी उंच व्हॅन काढू नका. २० म्हणजे ७२, तेव्हा कुठलीच गाडी नको. तुम्हाला व्हॅनच लागेल, कारण सात सीटरमध्ये सहा जण बसले की बॅगांना जागा उरत नाही. नऊ सीटर सांगा, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तसे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.

गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवा. वारा मागून आला तर दार हातातून सुटते आणि बिजागरीतून मागे मुडपते. भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरलेले नसते. एका हाताने कड धरायची, मगच दुसऱ्या हाताने खटका ओढायचा. मागे बसणाऱ्या आजी-आजोबांनाही हे निघण्याआधीच शिकवून ठेवा.

गाडी उजव्या बाजूने चालते आणि दिवे दिवसाही लावलेले हवेत. एकपदरी पुलावर जो आधी पोहोचला तो आधी जातो. आपल्यासारखा दिवा मारून घुसायचा प्रकार नाही. जूनमध्ये मेंढ्या कोकरांसह मोकळ्या असतात. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले तर वेग कमी करा, कोकरू आईकडे धावणारच. बिनमाणसांच्या पेट्रोल पंपावर चिपचे कार्ड आणि चार आकडी पिन लागतो. सुरुवातीला जास्त रक्कम अडकते, ती काही दिवसांत सुटते. 'एफ' अक्षराने सुरू होणाऱ्या रस्त्यांच्या वाट्याला जाऊ नका. तिथे फोर व्हील ड्राइव्ह गाडी सक्तीची, वाटेत नद्या उतराव्या लागतात आणि इंजिनात शिरलेले पाणी बहुतेक विम्यांत बसत नाही.

प्रश्न : गरम पाण्याच्या कुंडात उतरताना चांदीची जोडवी, पैंजण चालतील का?
– तिलकनगर, इंदूर

उत्तर : काढून ठेवा. पाण्यातल्या गंधकाच्या वायूने चांदीवर काळा थर चढतो. चढलाच तर वाटीत ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, त्यावर दागिना टेकवा, चमचाभर खायचा सोडा घाला आणि उकळते पाणी ओता. पाच-दहा मिनिटांत रंग परततो. खड्यांच्या दागिन्यांना मात्र हा उपाय करू नये. ब्लू लगूनच्या पाण्यातल्या सिलिकाने केस काथ्यासारखे होतात, म्हणून आधीच कंडिशनर चोपडून अंबाडा घाला. आणि हे आधी कळलेले बरे: सार्वजनिक तलावात उतरण्यापूर्वी पूर्ण कपडे उतरवून साबणाने अंघोळ करणे बंधनकारक आहे. बायका-पुरुषांची व्यवस्था वेगळी असते, पडद्याचा आडोसा काही ठिकाणीच मिळतो. तिथे त्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

प्रश्न : रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावरचे खांब आपल्या देवास जिल्ह्यातल्या कावडिया पहाडासारखेच दिसतात. नाते आहे का?
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : जात एक, वये फार वेगळी. दोन्ही बेसाल्टच. लाव्हा निवताना आकसतो, तडे पृष्ठभागापासून आत उतरत जातात आणि बहुधा सहा बाजूंचे खांब उरतात. निवणे जितके सावकाश, तितका खांब जाड. आपला माळव्याचा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. आइसलँडचा जुन्यात जुना दगडही १.६ कोटींच्या आसपास, आणि बेट अजून घडतेच आहे: २०२३ च्या नोव्हेंबरात जमिनीखाली लाव्हा सरकू लागल्याने ग्रिन्डाविक गाव रिकामे करावे लागले.

कावडियाला निवांत बसता येते, रेनिसफ्याराला नाही. दहा लाटा शांत येतात आणि अकरावी खांबांच्या पायथ्यापर्यंत चढते. खालची खडी ती परतताना पायाखालून ओढून नेते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. वाटेवरचा लाल दिवा लागला असेल तर खाली उतरूच नका.

प्रश्न : मुलांच्या मे-जूनच्या सुट्टीत ध्रुवीय प्रकाश दिसेल?
– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. तेव्हा तिथे पुरता अंधारच पडत नाही. सप्टेंबर ते मार्च हा त्याचा हंगाम.

प्रश्न : शाकाहारी आहोत. घरून काय न्यावे?
– रामबाग, इंदूर

उत्तर : ओटा असलेली खोली घ्या आणि दूध-भाजी बोनुस किंवा क्रोनान या किराणा दुकानांतून. शेगडी बऱ्याचदा इंडक्शनची असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा न्या. सोबत दोन गोल पिनांचा ॲडॉप्टर. 'स्किर' दह्यासारखे लागते, पण परंपरेने त्यात रेनेट (वासराच्या जठरातून काढलेले विरजण) घालतात, तेव्हा डबा वाचून घ्या. गरम नळाच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो भूगर्भातला. भात-चहाला थंड नळाचे पाणी वापरा, आणि आधी ते थोडे वाहू द्या.