‘सबस्क्रिप्शन’ म्हणजे ग्राहक की जोडणी?

प्रश्न असा: जगभरातल्या ‘वायरलेस ब्रॉडबँड सबस्क्रिप्शन्स’च्या वाढीवर मराठीत लिहिताना ‘मोबाइल इंटरनेटचे ग्राहक’ म्हटले तर चालेल का?

चालणार नाही. ‘बिनतारी ब्रॉडबँड जोडण्या’ लिहा. या बदलाने वाक्याचा अर्थच बदलतो.

आधी ‘ग्राहक’ पाहू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2023 च्या अंदाजानुसार जगात दर 100 लोकांमागे मोबाइल ब्रॉडबँडच्या 87 जोडण्या होत्या. इंटरनेट वापरणारी माणसे मात्र 100 पैकी 67, म्हणजे सुमारे 540 कोटी. ‘87 टक्के लोक मोबाइल ब्रॉडबँडचे ग्राहक’ असे लिहिले, तर जे इंटरनेट वापरतच नाहीत तेही त्यात आले! एका माणसाकडे दोन सिमकार्डे असतात, कुणाकडे फोनखेरीज डोंगल असतो. मोजले जाते ते कनेक्शन. उलट एका जोडणीवर अख्खे घरही चालते. म्हणून जोडण्यांच्या आकड्यापुढे ‘लोक’, ‘ग्राहक’, ‘वापरकर्ते’ यांतला एकही शब्द नको. मूळ मजकुरात ‘यूजर्स’ असेल तरच वापरकर्ते.

‘वायरलेस’ला ‘मोबाइल’ म्हणणे ही दुसरी चूक, आणि ती लवकर लक्षात येत नाही. गच्चीवर अँटेना बसवून घरात राउटरला दिलेले कनेक्शन बिनतारी असते, पण फिरते नसते. त्याला ‘स्थिर बिनतारी’ म्हणावे. वायमॅक्स या बिनतारी ब्रॉडबँड तंत्रज्ञानाचे 2004 चे मानक अशाच स्थिर जोडणीसाठी होते. फिरत्या वापराची सोय 2005 च्या सुधारणेत आली. आज 5जी एअरफायबर याच स्थिर गटातले, नावात ‘फायबर’ असले तरी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा रेडिओलहरींचाच. घोळ वाढतो तो वर्गवारीमुळे: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ स्थिर बिनतारी जोडण्या ‘स्थिर ब्रॉडबँड’मध्ये धरतो, तर आपल्या ट्रायच्या (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) अहवालांत ‘स्थिर बिनतारी’ असा वेगळा गट दिसतो. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मांडण्यापूर्वी कोणता गट कुठे मोजला आहे ते तपासा.

‘ब्रॉडबँड’ तसाच ठेवा. ‘विस्तृतपट्टा’ वाचून कुणाला काही कळत नाही. पण त्याची व्याख्या स्थिर नाही हे लक्षात असू द्या. भारतात 2004 च्या धोरणात किमान वेग सेकंदाला 256 किलोबिट होता, 2013 मध्ये 512 किलोबिट झाला आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट. दोन वर्षांची तुलना करताना निकष बदलला असेल तर तसे त्याच वाक्यात सांगावे. आणि बिटला बाइट लिहू नये. 8 बिट म्हणजे 1 बाइट, त्यामुळे आकडा आठपट फुगतो.

‘कव्हरेज’चेही तसेच. ‘इतक्या कोटी लोकसंख्येपर्यंत जाळे पोहोचले’ म्हणजे तिथे सिग्नल मिळू शकतो, एवढेच. तितक्यांनी कनेक्शन घेतले असा अर्थ होत नाही. यासाठी ‘सेवेच्या टप्प्यातील लोकसंख्या’ नेमके आहे.

बाजाराच्या अहवालांत येणारा ‘सीएजीआर’ म्हणजे चक्रवाढ वार्षिक वाढदर. जोडण्या 5 वर्षांत दुप्पट झाल्या तर हा दर 20 टक्के नव्हे, सुमारे 14.9 टक्के येतो. ‘सरासरी वाढ’ एवढेच लिहिले तर वाचक भागाकारच करणार, म्हणून ‘चक्रवाढ’ गाळू नका. बिलियनचे 100 कोटी आणि मिलियनचे 10 लाख करायलाही विसरू नका.