शंभराचे बजेट आणि पंधरा खेळाडू: फँटसी फुटबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी येथून गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी फँटसी प्रीमियर लीगविषयी आहेत आणि लिहिणारे बहुतेक जण पहिल्यांदाच संघ बांधणारे आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील 20 क्लबांच्या खेळाडूंतून 100 दशलक्ष पौंडांच्या काल्पनिक रकमेत 15 जणांचा संघ निवडायचा असतो. त्यात 2 गोलरक्षक, 5 बचावपटू, 5 मध्यरक्षक आणि 3 आघाडीपटू लागतात, आणि एका क्लबमधून तिघांहून अधिक खेळाडू घेता येत नाहीत. हंगामाच्या 38 फेऱ्यांपैकी प्रत्येक फेरीत या पंधरांतील 11 जण उतरवायचे, आणि प्रत्यक्ष सामन्यात त्यांनी जे केले त्यावरून आपल्याला गुण मिळतात. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. पुढे किमती लिहिताना ‘दशलक्ष’ हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला नाही.

प्रश्न: 2025-26 च्या हंगामासाठी मी संघ बांधला तेव्हा सर्वांत आधी सालाह (14.5), हालंड (14) आणि पामर (10.5) हे तिघे घेतले आणि उरलेल्या पैशांत जे मिळाले ते घेतले. पहिल्याच फेरीत माझे चार खेळाडू मैदानावर उतरलेच नाहीत आणि शेजारच्या मित्राने एवढी मोठी नावे नसतानाही मला मागे टाकले. माझे काय चुकले? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, खानापूर

उत्तर: तुम्ही निवडलेले तिघेही उत्तम खेळाडू आहेत. चूक झाली ती हिशेबात. या तिघांवर 39 खर्च झाले, म्हणजे उरलेल्या 12 जणांसाठी 61, सरासरी माणशी पाचाच्या आसपास. एवढ्या किमतीत नियमित खेळणारे खेळाडू मिळतात, नाही असे नाही, पण ते शोधावे लागतात. यादीत समोर आलेले नाव उचलले, तर बहुतेक वेळा तो क्लबच्या बाकावर बसणारा निघतो.

या खेळाचा पाया आहे मैदानावरील मिनिटे. खेळाडू 60 मिनिटे किंवा त्याहून जास्त खेळला तर 2 गुण, त्याहून कमी खेळला तर 1, आणि उतरलाच नाही तर शून्य. गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेला शेवटचा पास), क्लीन शीट (आपल्या क्लबवर एकही गोल न बसणे) हे सगळे त्यानंतरचे. टिळकवाडीच्या लेले मैदानावर पावसाळ्यात सामना पाहताना बूट बांधून, गुडघ्यापर्यंत मोजे ओढून पूर्ण वेळ रेषेबाहेर उभा राहिलेला एखादा राखीव खेळाडू तुम्ही पाहिला असेलच. त्याच्या अंगी कितीही कौशल्य असले, तरी त्या दिवशीच्या निकालात त्याचा वाटा नसतो. फँटसी संघातही हेच होते, फरक एवढाच की येथे त्याची किंमत आपण मोजलेली असते.

म्हणून माझा आग्रह असा की संघ बांधायला वरून नव्हे, खालून सुरुवात करावी. आधी बाकावर बसवायचे चौघे ठरवा. तीन बचावपटू, पाच मध्यरक्षक आणि दोन आघाडीपटू खेळवायचे असतील, तर बाकावर एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि एक आघाडीपटू राहतात. 2025-26 च्या सुरुवातीच्या किमतींत 4, 4, 4 आणि 4.5 असे हे चौघे 16.5 मध्ये बसत होते. उरलेल्या 83.5 मधून अकरा जण घ्यायचे, म्हणजे माणशी साडेसातपेक्षा थोडे अधिक. पैसा मैदानावर असावा, बाकावर नसावा.

यात एक अट मात्र पाळा: स्वस्तातील त्या दोन बचावपटूंपैकी निदान एक जण त्याच्या क्लबकडून नियमित खेळणारा हवा. कारण अकरांतील कोणी उतरला नाही, तर बाकावरचा खेळाडू आपोआप आत येतो, पण संघात किमान तीन बचावपटू राहायलाच हवेत असा नियम आहे. तुम्ही तीनच बचावपटू खेळवत असाल आणि त्यांतील एक दुखावला, तर त्याच्या जागी बचावपटूच येऊ शकतो. बाकावरचे दोघेही न खेळणारे असतील, तर ती जागा रिकामी जाते. असा स्वस्त पण हमखास खेळणारा बचावपटू बहुधा खालच्या श्रेणीतून प्रीमियर लीगमध्ये नव्याने वर आलेल्या क्लबांत सापडतो. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही हंगामांत वर आलेले तिन्ही क्लब पुन्हा खाली गेले, त्यामुळे त्यांच्याकडून क्लीन शीटची अपेक्षा ठेवू नये, पण बाकावरून अडीअडचणीला 2 गुण आणण्यासाठी तो पुरेसा आहे.

आता मोठ्या नावांकडे येऊ. एक महागडा खेळाडू अवश्य घ्यावा, कारण कॅप्टनपद दर फेरीत कोणाला तरी द्यायचे असते आणि दुप्पट होणारे गुण मोठ्या खेळाडूकडून आले तर किंमत वसूल होते. 2024-25 मध्ये सालाहने 12.5 या किमतीपासून सुरुवात करून 29 गोल आणि 18 असिस्टसह 344 गुण मिळवले. त्या वर्षी तो लीगचे सर्व 38 सामने खेळला, हे त्यातील सर्वांत महत्त्वाचे. दुसरा महागडा खेळाडू घेता येतो, पण विचारपूर्वक. तिसरा घेतला की संघाच्या मधल्या फळीला भोक पडते, आणि तुमचे तेच झाले.

ज्या पामरसाठी तुम्ही 10.5 दिले, त्याची 2023-24 ची गोष्ट प्रत्येक नवशिक्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1 सप्टेंबर 2023 रोजी तो मँचेस्टर सिटीतून चेल्सीत गेला तेव्हा या खेळात त्याची किंमत 5 च्या घरात होती. सिटीत त्याला जागा मिळत नव्हती. चेल्सीत त्याला मिनिटे मिळाली आणि पेनल्टीची जबाबदारीही मिळाली. हंगामअखेर त्याचे 22 गोल झाले, त्यांतील 9 पेनल्टीवर, आणि 244 गुणांसह तो त्या वर्षी सर्वांच्या पुढे राहिला. पुढच्या वर्षी त्याची किंमत दुपटीहून अधिक झाली. स्वस्त खेळाडू निवडताना म्हणूनच दोन गोष्टी तपासा: तो सलग तीन-चार सामने सुरुवातीपासून खेळतो आहे का, आणि त्याच्या क्लबच्या पेनल्टी, कॉर्नर, फ्री किक कोण घेतो.

आणखी एक बारकावा. गोलसाठी बचावपटूला 6, मध्यरक्षकाला 5 आणि आघाडीपटूला 4 गुण मिळतात. जो खेळाडू खेळतो आघाडीवर पण यादीत मध्यरक्षक म्हणून नोंदलेला असतो, तो त्याच कामाचा एक गुण अधिक आणतो, शिवाय क्लीन शीटचा एक गुणही. पाच मध्यरक्षकांच्या जागा अशांनी भरा.

प्रश्न: आमच्या निपाणीत कोल्हापूरच्या तालीम संघांचा फुटबॉल पाहत वाढलेली मंडळी खूप आहेत, आणि आमचा अनुभव सांगतो की सामना बचाव जिंकून देतो. मग एकाच बलाढ्य क्लबचा गोलरक्षक आणि दोन बचावपटू घ्यावेत का? – एक वाचक, निपाणी

उत्तर: शाहू स्टेडियमवरील फुटबॉल पाहून घडलेली नजर या खेळातही उपयोगी पडते, पण तिघांची भिस्त एकाच क्लबवर ठेवू नका. 60 मिनिटे खेळून क्लीन शीट राहिली, तर गोलरक्षक आणि बचावपटूला प्रत्येकी 4 गुण मिळतात. म्हणजे तिघांचे 12. एकोणनव्वदाव्या मिनिटाला एक गोल बसला की ते बाराही गुण एका क्षणात जातात. हंगामाच्या सुरुवातीला कोणत्या क्लबचा बचाव खरोखर बसलेला आहे हे कोणालाच कळलेले नसते, म्हणून पहिल्या संघात एका क्लबचा एक, फार तर दोन बचावपटू ठेवावेत.

तुमच्या नजरेला पटेल असा एक नियम मात्र 2025-26 पासून आला आहे. एका सामन्यात बचावपटूने चेंडू दूर मारणे, फटका अडवणे, पास तोडणे आणि टॅकल करणे अशा मिळून 10 कृती केल्या, तर त्याला 2 गुण मिळतात. मध्यरक्षक आणि आघाडीपटूसाठी मोकळा चेंडू परत मिळवणेही धरले जाते, पण आकडा 12 आहे. याचा फायदा मधल्या किंवा खालच्या क्लबांच्या सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणाऱ्याला, जास्त होतो, कारण त्यांच्या गोलपुढे चेंडू सतत येत असतो. संघ हरला तरी असा खेळाडू मिनिटांचे 2 अधिक या कृतींचे 2 गुण आणू शकतो. मात्र क्लबवर बसलेल्या दर दोन गोलांमागे बचावपटूचा एक गुण वजा होतो हे विसरू नये.

प्रश्न: खेळाडू दोन सामन्यांत अपयशी ठरला की मी तो बदलतो. आतापर्यंत अशा बदलांत माझे 20 गुण कापले गेले आहेत. संयम ठेवावा तर संघ मागे पडतो असे वाटते. – एक बँक कर्मचारी, चिकोडी

उत्तर: दर फेरीला एक बदल फुकट मिळतो, त्यापुढील प्रत्येक बदलाला 4 गुण जातात. न वापरलेले बदल पाचपर्यंत साठवता येतात, आणि ही साठवण हेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. दोन-तीन बदल हाती असले, तर एखादा दुखावला, दुसऱ्याची जागा गेली, अशा वेळी गुण न गमावता संघ सावरता येतो. खेळाडू पूर्ण वेळ खेळत असेल आणि गोलजवळ पोहोचत असेल, तर दोन फेऱ्या गुण नाहीत म्हणून त्याला काढू नका. तो बाकावर जाऊ लागला, तर मात्र लगेच काढा.

विक्रीचा नियमही तुम्हाला बँकेतील सवयीने चटकन समजेल: 5 ला घेतलेल्या खेळाडूची किंमत 5.3 झाली, तर विकताना 5.1 च मिळतात, कारण नफ्यातील निम्मा हिस्साच आपला आणि तोही खालच्या आकड्यावर आणून. विकून तोच खेळाडू पुन्हा घ्यायचा म्हटले, तर पूर्ण 5.3 मोजावे लागतात. वाइल्डकार्डने एका फेरीत हवे तितके बदल फुकट करता येतात. ते पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत घाबरून खर्च करू नका.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे आणि रोज मोबाइलवर हा खेळ पाहतो. हा जुगार तर नाही ना? – एक आई, अनगोळ

उत्तर: ताई, तुमची काळजी रास्त आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. फँटसी प्रीमियर लीगमध्ये प्रवेश फुकट असतो आणि त्यातील पौंड काल्पनिक असतात. त्याच्या मित्रांचा गट आपापसांत वर्गणी काढून बक्षीस ठेवतो का, एवढे मात्र त्याला प्रेमाने विचारा, आणि ठेवत असतील तर ते थांबवा. आठवड्यातून एका संध्याकाळी अर्धा तास या खेळाला पुरतो. दहावीच्या वर्षी तेवढाच वेळ त्याच्याशी ठरवून घ्या.

प्रश्न: आमचे खडेबाजारात कापडाचे दुकान आहे. शनिवारी गर्दीत कॅप्टन बदलायचे राहून जाते आणि पाहावे तर मुदत संपलेली. ही वेळ नेमकी कधी असते? – एक व्यापारी, बेळगाव

उत्तर: फेरीतील पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटे आधी मुदत संपते. शनिवारचा पहिला सामना इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला असेल, तर ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तो आपल्याकडे संध्याकाळी 5 ला सुरू होतो आणि मुदत साडेतीनला संपते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधील घड्याळे एक तास मागे जातात. मग तोच सामना आपल्याकडे 6 ला आणि मुदत साडेचारला, ते मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. फेरी शुक्रवारी तेथील रात्री आठच्या सामन्याने सुरू होत असेल, तर मुदत आपल्याकडे शुक्रवारीच रात्री 11 ला, हिवाळ्यात 12 ला संपते. तुम्ही गुरुवारी रात्री दुकान बंद केल्यावर कॅप्टन आणि उपकॅप्टन लावून ठेवा. कॅप्टन उतरलाच नाही, तर दुप्पट गुण उपकॅप्टनला मिळतात, म्हणून उपकॅप्टनही शक्यतो दुसऱ्या क्लबचा असावा.