अमेरिकन उद्योजिका आणि टीव्ही कलाकार मार्था स्ट्युअर्ट प्रसिद्ध होती म्हणूनच तिला इनसायडर ट्रेडिंगसाठी तुरुंगात टाकलं का?

मुळात तिला तुरुंगवास इनसायडर ट्रेडिंगसाठी, म्हणजे कंपनीची जाहीर न झालेली आतली माहिती वापरून शेअर घेण्या-विकण्यासाठी, झालाच नाही. २७ डिसेंबर २००१ ला तिने इमक्लोन या औषध कंपनीचे ३,९२८ शेअर विकले आणि सुमारे ४५ हजार डॉलरचा तोटा वाचवला. कंपनीचे प्रमुख सॅम वॅक्सल स्वतःचे शेअर काढायला बघताहेत, ही कुणकुण तिला ब्रोकरच्या ऑफिसातून लागली होती. २००४ मध्ये पाच महिन्यांची शिक्षा झाली, ती तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल. नाव मोठं नसतं तर एवढा गाजावाजा झाला नसता, हे खरंच. पण म्हणून तिला सोडायला हवं होतं, हे मला पटत नाही.

मी अंधेरीत एका कंपनीत कंप्लायन्स, म्हणजे नियम पाळले जाताहेत ना हे, बघते. तिमाही निकालाआधी ट्रेडिंग विंडो बंद होते, म्हणजे आतली माहिती कळू शकणाऱ्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. मागच्या वेळी अकाउंट्समधला एक जण चप्पल दाराशीच सोडून, हळू आवाजात विचारत आला, "ताई, बायकोच्या नावावरचे थोडे शेअर विकू का? पोरीची फी भरायचीय." शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे इनसायडर ट्रेडिंगबद्दलचे २०१५ चे नियम जवळच्या नातेवाइकांनाही लागू आहेत. मी नाही म्हटलं. तो मुकाट्याने परत गेला, आणि फीसाठी पतपेढीतून कर्ज काढलं.

त्याला जो नियम, तोच तिला.