भाडेकराराच्या कामात एआय वापरताय? आधी एवढं बघा

सुरुवात करताय हे चांगलंच आहे, घाबरू नका. फक्त पहिल्याच दिवशी ‘नोटीस लिहून दे’ एवढंच टाकू नका, सगळे नवीन लोक हीच चूक करतात, मग एआय कुठल्यातरी दिल्लीच्या कायद्यावरून मसुदा काढतं.

प्रॉम्प्टमध्ये (म्हणजे एआयला दिलेल्या सूचनेत) आधी राज्य आणि कायदा सांगा: महाराष्ट्र, भाडे नियंत्रण कायदा १९९९. मग पक्षकार कोण, मालक की राहणारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मामला भाडेकरूचा आहे की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी देणाऱ्या कराराचा. कोथरूडचा फ्लॅट ११ महिन्यांच्या करारावर दिलाय आणि मुदत संपली तरी माणूस जागा सोडत नाही, तर तो कलम २४ चा विषय (मुदत संपल्यावर लायसन्सवर दिलेली जागा परत घेणं), पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरू म्हणजे पूर्ण वेगळी गोष्ट. हा फरक तुम्ही सांगितला नाहीत तर एआय दोन्हीची खिचडी करतं आणि वाचायला मात्र अगदी बरोबर वाटतं.

अजून तीन गोष्टी:
- ११ महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही असं उत्तर आलं तर ते चूक. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, जबाबदारी मालकाची.
- कोर्टाच्या निकालांची नावं तपासल्याशिवाय वापरू नका, एआय खोटी नावं बिनधास्त देतं. मूळ निकाल स्वतः उघडून वाचा, प्लीज.
- अशिलाचं नाव, आधार, पॅन टाकू नका, ‘मालक’ ‘लायसेन्सी’ (लायसन्सवर राहणारा) लिहिलं तरी काम होतं.

आधी नुसता तारखांचा तक्ता करून घ्या, करार कधीचा, मुदत कधी संपली, शेवटचं भाडं कधी आलं. मसुदा त्यानंतर.