तरंगत्या टर्मिनलवर, म्हणजे बंदरात उभ्या केलेल्या जहाजावर, एलएनजीचा (गार करून द्रव बनवलेल्या नैसर्गिक वायूचा) पुन्हा गॅस कसा करतात? हिवाळ्यात खर्च का वाढतो?

टाकीत माल उणे १६२ अंशांवर द्रवरूप असतो. टाकीतला पंप तो सक्शन ड्रममध्ये (पुढच्या पंपाआधीच्या छोट्या टाकीत) चढवतो, तिथून हाय-प्रेशर पंप त्याला पाइपलाइनच्या दाबावर, बहुधा ८०-१०० बारवर (१ बार म्हणजे साधारण हवेचा दाब) नेतो. दाब द्रव असतानाच वाढवायचा, कारण गॅस दाबायला कित्येक पट वीज लागते. मग व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे द्रवाचा गॅस करणाऱ्या यंत्रात, समुद्राच्या पाण्याची ऊब देतात. हे पाणी सुमारे ७ अंश गार होऊन परत समुद्रात जातं.

मेख इथेच आहे. लिथुआनियातल्या क्लायपेडा बंदरात २०१४ पासून ‘इंडिपेंडन्स’ हे असंच टर्मिनल-जहाज उभं आहे. बाल्टिकचं पाणी थंडीत शून्याजवळ जातं. त्यातून आणखी ७ अंश काढाल तर नळ्यांत बर्फच! अशा वेळी बॉयलरची वाफ जोडावी लागते. पूर्ण बंद चक्रावर, म्हणजे समुद्राची ऊब न घेता फक्त बॉयलरवर, चालवलं तर मालातला साधारण २ ते २.५ टक्के गॅस जाळण्यातच जातो.

दुसरी डोकेदुखी मागणी घटली की सुरू होते. टाकीत रोज थोड्या द्रवाची वाफ होतेच. एरवी ती ड्रममधल्या गार द्रवात जिरते. पाइपलाइनला जाणारा पुरवठा मंदावला की जिरवायला द्रव पुरत नाही, दाब चढतो आणि गॅस नुसता जाळून टाकावा लागतो.