वाचक विचारतात : बाळ पायाळू आहे, पोट चोळून वळेल का?

प्रश्न : माझी पहिलीच वेळ आहे, 33 वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळ ‘ब्रीच’, म्हणजे पायाळू निघालं. सासूबाईंच्या ओळखीची एक मावशी तेल लावून पोट चोळते आणि बाळ वळवते म्हणे. जाऊ का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जाऊ नका. आणि एवढ्यात घाबरूही नका. 28 व्या आठवड्याला चार-पाच बाळांतलं एक पायाळूच असतं. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात 3-4 वर येतं, कारण बहुतेक बाळं आपली आपण वळतात. मावशींच्या हाताला जे यश येतं, त्यातलं बरंचसं या बाळांचंच असतं. चोळण्यातला धोका मात्र खरा आहे. जोर पडून वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटली तर रक्तस्राव आतल्या आत होतो, बाहेर कदाचित थेंबही दिसत नाही. वार कुठे चिकटली आहे, हे हाताला कळतही नाही.

आता रिपोर्ट पुन्हा काढा आणि तीन गोष्टी बघा : वार खाली आहे का, गर्भजल किती (त्याचं माप ‘एएफआय’ म्हणून लिहितात, 5 च्या खाली म्हणजे कमी), आणि बाळाचे पाय कसे आहेत. पाय सरळ वर, तोंडाजवळ असतील तर बाळाला वळायला जड जातं. मांडी घातल्यासारखं बसलेलं बाळ तुलनेने सहज वळतं. पाऊल खाली लोंबत असेल तर पाणी (गर्भजल) गेल्यावर नाळ बाहेर येण्याचा धोका वाढतो.

गुडघे आणि छाती जमिनीला, कंबर वर, अशा आसनात 10-15 मिनिटं राहायला सांगतात. त्याने बाळ वळतंच, असा भक्कम पुरावा नाही. बीपी वाढलेलं नसेल, अंगावरून जात नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर रिकाम्या पोटी करून बघा. चक्कर आली की थांबा.

खरा निर्णय 36 व्या आठवड्याला. तेव्हाही बाळ पायाळू असेल तर ‘ईसीव्ही’बद्दल विचारा. यात डॉक्टर बाहेरून, पोटावर हात ठेवून बाळ वळवतात. मग मावशी आणि डॉक्टर यांत फरक काय? आधी सोनोग्राफी, गर्भाशय सैल पडण्याचं इंजेक्शन, आधी आणि नंतर बाळाच्या ठोक्यांची नोंद, आणि शेजारी तयार ऑपरेशन थिएटर. साधारण निम्म्या वेळा बाळ वळतं, पहिलटकरणीत थोडं कमी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, आठवण करून द्या. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा जुळं असेल तर हे करत नाहीत.

नाहीच वळलं तर बहुधा 39 व्या आठवड्याच्या सुमारास सिझेरियन ठरतं. 2000 साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आल्यापासून पायाळू बाळंतपण खालून करण्याचा सराव जगभर कमी झाला. तसा हात बसलेले डॉक्टर आता थोडे. एक गोष्ट हमखास विसरली जाते : पायाळू बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी जन्मानंतर साधारण सहाव्या आठवड्यात करून घ्या. पायाळू माणसावर वीज पडते वगैरे सोडून द्या, खुबा तेवढा तपासा.

प्रश्न : 36 वा आठवडा आहे. डोकं खाली आहे, पण बाळाची पाठ माझ्या पाठीकडे. कंबर फार दुखते. ओणवं होऊन फरशी पुसली की बाळ फिरतं का? आई म्हणते कूस बदलताना उठून बसायचं, नाहीतर नाळ गुंडाळते.
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : ओल्या फरशीवर घसरण्यापलीकडे पुसण्यातून फारसं काही निष्पन्न होत नाही. हातागुडघ्यांवर राहिल्याने जन्माच्या वेळची स्थिती बदलत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. कंबरेला मात्र आराम पडतो. सोलापुरी चादरीची जाड घडी गुडघ्यांखाली घ्या, श्वास सोडताना पाठ वर गोल करा, घेताना सपाट. पोट खाली झोकू नका. 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. बहुतेक बाळं कळांमध्येच फिरतात, जन्मताना पाठीला पाठ अशी शंभरात 5-8 च उरतात.

नाळ कूस बदलल्याने गुंडाळत नाही. ती बाळाच्या हालचालीने गुंडाळते आणि साधारण चारातल्या एका बाळाच्या मानेभोवती असतेच, बहुधा त्रास न देता. डावी-उजवी कोणतीही कूस चालते, उताणं तेवढं झोपू नका. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून हाताचा टेकू घ्या.

प्रश्न : दुसरं बाळंतपण, 38 वा आठवडा. डोकं अजून खाली बसलं नाही म्हणतात. आम्ही अक्कलकोट तालुक्यात राहतो. सोलापूरला कधी निघायचं?

उत्तर : दुसऱ्या खेपेला डोकं अनेकदा कळा सुरू झाल्यावरच बसतं. पहिलटकरणीला दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येईपर्यंत थांबता येतं. तुम्ही थांबू नका : दर 10 मिनिटांनी नियमित कळा सुरू झाल्या की निघा.

पाणी गेलं तर वेळ आणि रंग लक्षात ठेवा, आणि कळा नसल्या तरी निघा. हिरवट किंवा लाल असेल तर क्षणभरही दवडू नका. डोकं वर असताना पाणी गेलं आणि दोरीसारखं काही बाहेर आलं तर ती नाळ असते. ती आत ढकलू नका. गुडघ्यांवर, डोकं खाली कंबर वर करून राहा आणि 108 लावा. गाडीत डाव्या कुशीवर, कंबरेखाली उशी. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रक्तगटाचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.

दिवस भरले की बाळ शांत होतं, हे खरं नाही. हालचाल कमी वाटली तर काही खाऊन कुशीवर पडा आणि मोजा. 2 तासांत 10 झाल्या नाहीत, किंवा मोजूनही शंका राहिली, तर सकाळची वाट न बघता तपासणीला जा.