पाळीच्या दुखण्यावर १४ वर्षांच्या मुलीला गोळी दिल्यास सवय लागते का?

नाही, महिन्यातून एकदोन दिवस, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गोळीची सवय लागत नाही. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात, त्यांमुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावून कळा येतात, आणि ही औषधे त्या द्रव्यांची निर्मितीच रोखत असल्याने, कळ असह्य होण्याची वाट न पाहता दुखणे सुरू होताच, काही खाल्ल्यावर, गोळी देणे अधिक उपयोगी ठरते. (‘सहन करायला शीक’ हा सल्ला येथे निरर्थक आहे.) ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यानेही आराम पडतो. मात्र दमा, जठरातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास या गोळ्या परस्पर देऊ नयेत. आणि गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार) कारण नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.